शून्यावरची जयश्री

पहिल्या आठवड्यात जो जास्त कचरा करील, त्यालाच पुढे जास्त गुण मिळतील, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेकीच्या दुपारच्या झोपेत मी मोबाइलवर तो फॉर्म बनवला होता. सुरतच्या उधन्यातल्या आमच्या कॉलेजच्या चाळीस मुलांनी रोज भरायचा: प्लास्टिकच्या पिशव्या किती, बाटल्या किती, पार्सलचे डबे किती. पहिल्या आठवड्यापेक्षा जितकं कमी होईल, तितके गुण. यादी आपोआप ग्रुपवर.

तिसऱ्या आठवड्यात कुंदन पहिला आला. आधी बावीस बाटल्या, आता चार. जयश्री शेवटची. आधीही शून्य, आताही शून्य.

"मॅडम, माझं नाव काढून टाका," ती वर्गाबाहेर म्हणाली. "बाबा साडीच्या कारखान्यात. उरलेल्या पट्ट्या घरी येतात, आई त्यांच्या पिशव्या शिवते. आम्ही कमी करायचं तरी काय?"

"पहेला अठवाडियामां मजा करी लेवानी ने," कुंदन मागून गुजरातीत म्हणाला. "मी बघ, आधी बिघडलो, मग सुधारलो."

पोरं हसली. ती नाही हसली.

"एक आठवडा थांब," मी म्हटलं. "मग तू सांगशील तसं."

घरी आले तर लेक कधीची उठून पंख्याकडे बघत पडलेली. सासूबाई म्हणाल्या, "रडली नाही, म्हणून उचललं नाही."

मी तिला पोटाशी घेतलं आणि दुसऱ्या हाताने फॉर्म उघडला. नवा रकाना घातला: तुमच्या घरात आधीपासून जे चालतं, ते व्हिडिओत दाखवा. बघून जितके जण करतील, तितके गुण तुम्हाला.

रविवारी जयश्रीचा व्हिडिओ आला. तिची आई, उषाबाई, शिलाई मशीनवर. पट्टी दुमडली, दोन बाजू शिवल्या, बंद लावले, पिशवी तयार. मग कॅमेऱ्याकडे बघून अहिराणीत, "हाई बी शिकाडनं पडस का?" हेही शिकवावं लागतं, याचंच तिला नवल.

शनिवारपर्यंत सतरा जणांनी पिशव्यांचे फोटो टाकले. कुंदनने चारही बाजू शिवल्या होत्या.

"उसव," जयश्रीने त्याला ग्रुपवर लिहिलं. "तोंड उघडं ठेवायचं असतं. पिशवीचं. तुझं नाही."

सोमवारी मी तिला विचारलं, "मग? नाव काढू?"

"राहू द्या मॅडम. आई रोज विचारते, आज किती जण झाले." ती निघाली, मग वळली. "आणि कुंदनची पिशवी मोजू नका अजून. शिवतोय तो."