स्लॅबचा पस्ताना

दोन महिने साहेबराव मिस्त्री माझ्याशी बोलत ते दुसऱ्याच्या तोंडून. मी समोर उभी असले तरी म्हणायचे, "बाईंना सांगा." रुसवा माझ्या हातातल्या टॅबवर. तळेगाव ढमढेऱ्यातल्या सभागृहाचं सगळं काम ॲपवर चालवायचं, ही माझीच हौस. पुण्याच्या साहेबांनी बजावलंही होतं, "सुलक्षणा, एक घोळ झाला की तू परत ऑफिसात आणि साइटवर परत वही."

स्लॅब शनिवारी होता. शुक्रवारी सकाळीच काँक्रीटच्या प्लँटवरून फोन. "मॅडम, पहिली गाडी निघाली. तासाभरात पोचेल."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्याच ॲपवर आलंय की, स्लॅब सुरू म्हणून."

टेबलावर टॅबला हळदकुंकू लागलेलं, शेजारी फोडलेला नारळ. मिस्त्री शांतपणे खोबरं वाटत होते.

"बाईंना सांगा, उद्या अवस हाय," ते दत्ता वायरमनला म्हणाले. "वाईट दिवशी गावाला जायचं तर आदल्या दिवशी गाठोडं शेजारी न्हिऊन ठिवत्यात का न्हाई? तसा स्लॅबचा पस्ताना ठिवला. नारळ फोडला आन् त्यांचं सुरूचं बटन दाबलं. त्यांच्या ॲपलाबी मान नगं व्हय?"

माझं डोकंच फिरलं. या माणसाला ॲपचा पुळका यायचा तो आजच! मी फोनवर गाडी परत न्या म्हटलं, तर प्लँटवाला म्हणतो, मग पुढचे आठ दिवस नंबर नाही.

नशीब, सळईची तपासणी आदल्या दिवशीच झाली होती. राहिलेली अकरा कामं टॅबवर लाल दिसत होती. मी वर चढून ती मोठ्यानं वाचू लागले. विजेचे पाइप दत्तानं घेतले. सळईखालचे ठोकळे नकुशी आणि चांगुणाबाई या मजूर बाया बसवू लागल्या. एकेक काम पाहून मी हिरवं करायची, की खालून हाळी यायची, "आता काय लाल हाय?" हाळी मिस्त्रींची होती.

गाडी फाटकाशी आली तेव्हा एकच उरलं होतं, आणि तेही मिस्त्रींनी स्वतः टेकूखाली पाचर ठोकून संपवलं. संध्याकाळी पाचला शेवटचा कोपरा भरला. सगळे काँक्रीटनं माखलेले, आणि मला हसू आवरेना.

तेवढ्यात पुण्याहून साहेबांचा फोन. "एक दिवस आधी स्लॅब? कुणाला विचारून?"

 मी तोंड उघडायच्या आत मिस्त्रींनी फोन ओढून घेतला. "सायेब, बटन म्या दाबलं, न इचारता. चूक माजी. पन पोरीनं तासाभरात अकरा कामं उरकून स्लॅब निभावला. अशी माणसं हापिसात बसवू नगा."

 साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला, "दौंडची साइट तिलाच देतो. तिला सांगा."

मिस्त्री माझ्याकडे वळले. दोन महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, दौंडला मला घ्याल न्हवं?"