जाळीतला चिरा

मी एक जुना जांभा चिरा आहे, मित्रांनो. रत्नागिरीजवळच्या खाणीतून मला तासून काढलं, तेव्हा गवंडी धोंडू माझ्यावर थाप मारून म्हणाला होता, "ह्यो पक्का हाय." त्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

जुन्या बाजारात मी यमुनाबाईंच्या बांगड्यांच्या दुकानाच्या भिंतीत होतो. मग महामारी आली. यमुनाबाई दुखण्यातून उठल्या, पण फुप्फुसं अधू झाली. कोंदट जागेत त्यांचा जीव घुसमटायचा. पुढे बाजारही पाडला आणि मी ढिगाऱ्यात शेवाळ धरून पडलो. ढुंकून बघणारं कोणी नव्हतं. फार वाईट वाटायचं हो.

त्याच जागी मॉल व्हायचा होता. मालक प्रमोदशेठांना चहूबाजूंनी काच हवी होती. यमुनाबाईंना गाळा मिळणार होता, पण त्यांनी साफ सांगितलं, "काचेच्या पेटीत मी नाय बसायची. दुकान कायमचं गेलं असं समजेन."

मॉलचा आराखडा वास्तुविशारद दीप्तीचा. तिने ते ऐकलं आणि काच खोडली. रुंद वाटा ठेवल्या, दाराशी हात धुवायची सोय केली आणि वाऱ्याच्या बाजूला आम्हा जुन्या चिऱ्यांची, मधे फटी सोडलेली जाळी काढली.

"पावसाची झड आत येईल," शेठ कुरकुरले.

"छप्पर पुढे काढू, शेठ. झड बाहेर राहील, वारा आत येईल."

मॉल उभा राहिला, यमुनाबाई गाळ्यात आल्या आणि वारा खरंच आला! खाडीवरचा वारा माझ्या कडेने आत शिरायचा आणि यमुनाबाईंच्या टांगलेल्या बांगड्या किणकिणायच्या. मीही जरा फुशारलो.

पण आपली माणसं! मोकळी भिंत दिसली की यांचे हात शिवशिवतात. शेठांचा वाढदिवस आला आणि आमच्या जाळीवर भलाथोरला फ्लेक्स चढला. गॉगल लावलेले शेठ, खाली हार्दिक शुभेच्छा. वारा बंद. वाढदिवस होऊन गेला तरी फ्लेक्स काही उतरेना. यमुनाबाईंना धाप लागू लागली. एका दुपारी त्यांनी बांगड्या खोक्यात भरायला घेतल्या. मी दगड, मला ओरडताही येईना.

तेवढ्यात शेठ फेरीला आले. "काय हो यमुनाबाई, आवराआवर कसली?"

"तुमच्या तोंडाने वारा अडवलान, शेठ," त्या धापा टाकत म्हणाल्या.

शेठांनी वर पाहिलं. ओशाळले बिचारे. मग स्वतःच स्टुलावर चढून त्यांनी दोऱ्या सोडल्या. तो फ्लेक्स आता बाहेर एका मासेवालीच्या डोक्यावर सावली धरतो, गॉगलसकट.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. फक्त माझ्या शेजारची फट बुजवू नका. आत यमुनाबाई खोकी पुन्हा उघडताहेत, आणि बांगड्या किणकिणू लागल्या आहेत.