ताईंसाठी बदललेलं रीळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर. रंग उडालाय, पंखा खोकतोय, पण एके काळी अख्खं थिएटर माझ्या उजेडाकडे डोळे लावून बसायचं.

कारखान्यातून आलो तो थेट केबिनमध्ये. तिथे माझा ऑपरेटर होता, आणि खाली तिकीट खिडकीत त्याची थोरली बहीण, ताई. हॉलिवूडच्या एका जुन्या हिरोवर ताईंचा भारी जीव. पोस्टरवर त्याची एक भुवई उचललेली दिसली, की ताई सुटे पैसे द्यायचं विसरायच्या.

पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. उशिरा आलेल्यांना तिकिटं देऊन त्या आत यायच्या, आणि शेवटाआधीच पुढच्या खेळाची खिडकी उघडायला पळायच्या. शेवटच्या खेळाला शेवटची बस गाठायची घाई. म्हणजे हिरोच्या सगळ्या सिनेमांचा त्यांनी फक्त मधला भागच पाहिलेला!

"शेवटी काय झालं रे?" त्या विचारायच्या.

"लग्न झालं," धाकटा, म्हणजे माझा ऑपरेटर, सांगायचा. रेनकोटवाल्या सिनेमात लग्न, बटलरवाल्यात लग्न. आणि ताईंच्या सगळ्यात लाडक्या जहाजवाल्यातही लग्नच. खरं तर त्यात हिरो जहाजासकट बुडतो.

मग ताईंचा नोकरीतला शेवटचा दिवस आला. "आज जहाजवाला अख्खा बघणार," म्हणत त्या दुपारीच पहिल्या रांगेत बसल्या. वर धाकट्याला घाम फुटला. त्याने शेवटचं रीळ लपवलं आणि बटलरवाल्याचं माझ्या गळ्यात घातलं.

झालं! बुडत्या जहाजातला हिरो कोरड्या सुटात, मिशीसकट थेट लग्नाला उभा राहिला. नवरीही दुसरीच.

"अहो ऑपरेटर, पोहता पोहता मिशी फुटली की काय?" कुणीतरी ओरडलं. थिएटर हसून लोळलं. मी मात्र लाजेने तापलो.

लोक पांगले. ताई धापा टाकत वर आल्या.

"गधड्या, त्याची बायको बदललीस?"

"ताई, तुला वाईट वाटेल म्हणून…"

"अरे, त्या सिनेमाची गर्दी माझ्या खिडकीवरूनच नाक पुसत जायची. मला कळत नसेल होय?"

"मग दर वेळी विचारायचीस कशाला?"

"तू लग्नं किती छान लावायचास!" ताई हसल्या. मग पदर सावरून स्टुलावर बसल्या. "लाव आता खरं रीळ. दोघं मिळून रडू."

रिकाम्या थिएटरात मी हिरोला बुडवलं. दोघांकडे रुमाल एकच होता. तो आधी कोण घेणार यावरून भांडण झालं.

आज थिएटर बंद आहे. मी ताईंच्या घरी कोपऱ्यात असतो. धाकटा येतो, माझी काच पुसतो आणि ताईंकडून "नीट पूस" ऐकून घेतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रावर अधूनमधून फडकं फिरवा. आणि तुमच्याही घरात सगळ्यांना आत सोडून स्वतः खिडकीत बसलेलं कुणी असेल, तर त्याला एकदा अख्खा सिनेमा दाखवा. शेवट बदलू नका. फक्त शेजारी बसा.