मास्तरांचा आराम

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी घराचं दार तिसऱ्यांदा बंद झालं. आधी नात गेली, मग सून, शेवटी मुलगा. जाताना तिघांनी एकच गोष्ट सांगितली. "आजोबा, आराम करा हं." "बाबा, जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर जेवा आणि आराम करा." "बाबा, उगाच काही करत बसू नका. आराम करा." मास्तर तिघांनाही "हो" म्हणाले आणि खुर्चीत बसले. आता संध्याकाळी साडेसहापर्यंत त्यांना आरामच करायचा होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. एक्केचाळीस वर्षं त्यांनी बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात लोकांचे शर्ट-पँट शिवले. गिऱ्हाईक माप द्यायला यायचं आणि सगळ्या गल्लीची खबर देऊन जायचं. कुणाला नोकरी लागली, कुणाची सुटली, सगळं तिथे कळे. कुणाचं पोट सुटलं हे तर त्याच्या बायकोच्या आधी मास्तरांच्या मोजपट्टीला कळायचं. आतल्या बाजूला मास्तरांची बायको काज करत बसायची आणि गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल करून दाखवायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्याच वर्षी मुलाला बढती मिळाली.

"बाबा, आता पुरे," मुलगा म्हणाला होता. "मी एवढा साहेब झालो आणि माझा बाप लोकांच्या पँटी उसवतोय, बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?"

दुकान बंद झालं. मशीन घरी आलं, ते बाल्कनीच्या कोपऱ्यात गेलं. सुनेनं त्यावर भरतकामाचं कापड घातलं आणि वर झाडाची कुंडी ठेवली. "छान दिसतंय ना बाबा?" तिनं विचारलं. "छान दिसतंय," मास्तर म्हणाले.

वाचकहो, या घरात मास्तरांचा छळ होत होता असं कृपा करून समजू नका. औषधं वेळेवर मिळत, स्वेटर नवा मिळे, डोळ्यांचं ऑपरेशन चांगल्या दवाखान्यात झालं. कुणी त्यांना टाकून बोलत नव्हतं. खरं म्हणजे कुणी बोलतच नव्हतं. इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही, फुलासारखं जपायचं, आणि मग आपल्या कामाला निघून जायचं, अशी आपल्याकडे म्हातारपणाची मोठी प्रेमळ रीत आहे. जन्मभर हात चालवलेल्या माणसाला आपण हातावर हात ठेवून बसवतो आणि वर सांगतो, आमच्याकडे बाबांना काही बघावं लागत नाही. एखाद्यानं बापाला उपाशी ठेवलं तर शेजारी चार शब्द सुनावतील. एकटं ठेवलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

घर खायला उठायचं. मास्तर पंख्याची पाती मोजत. शेजारच्यांची गाडी किती वाजता सुटते, हे त्यांना नुसत्या आवाजावरून सांगता येई. घरात कुणी नसताना एकच माणूस त्यांची बेल वाजवायचं. खाली जिन्याशेजारी इस्त्रीचं दुकान चालवणारी बाई बुधवारी आणि शनिवारी चार वाजता कपडे घेऊन वर यायची. "मास्तर, चहा झाला का?" ती विचारायची. "झाला," मास्तर म्हणायचे. गठ्ठा आत, दार बंद. एवढंच.

मग एका सकाळी मुलाच्या शर्टाचं बटण आपणहून तुटलं. मीटिंग होती, दुसरा शर्ट इस्त्रीचा नव्हता. तो धावत बापाकडे आला. "बाबा, जरा लावून देता? काढत नाही, अंगावरच लावा."

मास्तर उठले. सुई-दोरा त्यांच्या बनियनच्या खिशात कायम असे. पोरगा समोर उभा राहिला. हलता येईना, फोन हातात धरता येईना, तेव्हा तो बोलायला लागला. नवा साहेब कसा खडूस आहे ते त्यानं सांगितलं. उजवा खांदा रात्री दुखतो हेही सांगितलं, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. बटण लावायला चार मिनिटं लागली. महिन्याभरात मास्तरांनी मुलाचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. दोरा दातानं तोडताना त्यांचा गाल मुलाच्या छातीला लागला, आणि तो लहान असताना आपण त्याच्या शाळेच्या सदऱ्याचं बटण लावायचो ते त्यांना आठवलं.

त्या दिवसापासून मास्तर दुसरं बटण तुटायची वाट पाहू लागले. दहा-बारा दिवस गेले, बटण काही तुटेना. घरातल्या सगळ्या शर्टांची बटणं मास्तरांनीच पक्की केलेली, ती कशाला तुटतात! माणसाची स्वतःची कारागिरीच अशी त्याच्या मुळावर येते.

बुधवारी चार वाजता गठ्ठा आला. दार बंद झाल्यावर मास्तरांनी जुन्या डब्यातलं बारीक ब्लेड काढलं.

पहिलं बटण फुकट गेलं. मुलानं शर्ट पाहिला, "च्" केलं आणि दुसरा घातला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "राहू दे बाबा, तुम्ही कशाला डोळे ताणता?" मग सुनेच्या ड्रेसचं गेलं, मग नातीच्या युनिफॉर्मचं. मास्तर सुई ओवून तयार बसत. कुणी त्यांच्यापर्यंत येईना.

"ही मावशी इस्त्री फिरवते की नांगर?" एका शनिवारी सून भडकली आणि तिनं इस्त्रीवाल्या बाईला वर बोलावून घेतलं.

बाई पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी. तिनं शर्ट हातात घेतला, खिडकीशी नेला आणि बटणाच्या जागी अंगठा फिरवला. मग एकदाच मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

"असेल," बाई म्हणाली. "माझ्याकडूनच झालं असेल."

"मग उद्यापासून नको मावशी. आम्ही लाँड्रीत देऊ."

सुनेनं तेवढ्यावर सोडलं नाही. इमारतीच्या ग्रुपवर सगळ्यांना सावध केलं. आणखी तीन घरांनी कपडे द्यायचं थांबवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर आत खुर्चीत बसून होता, तोंडातून शब्द काढत नव्हता. मास्तरांनी आयुष्यात कुणाच्या कापडातला वीतभर तुकडा मागे ठेवला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. "बाबा, बरं वाटत नाही का? पडा जरा," सून म्हणाली.

पुढच्या बुधवारी चार वाजले. बेल वाजली नाही. मास्तर दाराकडे बघत बसले. सव्वाचार झाले, साडेचार झाले. दिवसभरात आपल्याला हाक मारणारं एकच माणूस होतं आणि त्यालाही आपण आपल्या हातानं कापून टाकलं, हे त्यांना त्या वेळी कळलं. मास्तर रडले. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे डोळे पुसायची घाई नव्हती.

गुरुवारी ते कठडा धरून, एकेक पायरी करत खाली उतरले.

बाई स्टुलावर बसली होती. इस्त्री थंड होती.

"ताई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोला की. काम कुठे आहे हाताला."

"ती बटणं..."

"माहीत आहे मला."

मास्तर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"ओढून तुटलं की दोरा पिंजतो," बाई म्हणाली. "इस्त्रीनं गेलं तर बटणाचा तुकडा उडतो, दोरा जागच्या जागी राहतो. तुमच्या शर्टाचा दोरा मुळाशी साफ कापलेला, आणि कापडाला चरासुद्धा नाही. असा हात या गल्लीत एकाचाच आहे, मास्तर."

"मग बोलला का नाहीत?"

"सुनेसमोर सासऱ्याला काय बोलू? आणि मी कुठली मोठी सती लागून गेले! मागच्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या आजींचे कपडे मी मुद्दाम उशिरा द्यायचे. दार उघडून अर्धा तास भांडायच्या माझ्याशी. मजा यायची. घरी गेल्यावर कुणी भांडायलाही नसतं हो. आता त्या आजी मुलीकडे गेल्या." बाईनं इस्त्रीची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली. "पण मास्तर, तुमच्या बटणापायी माझ्या पोटावर पाय आलाय. तेवढा काढा."

रविवारी दुपारी चौघं जेवायला बसली तेव्हा मास्तरांनी सांगून टाकलं. "बटणं मी कापली. सगळी. त्या बाईंचा काही दोष नाही."

नातीनं कानातले हेडफोन काढले. मुलानं आणि सुनेनं एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बाबा," मुलगा लहान मुलाशी बोलावं तसं बोलला, "तुम्हाला आठवतंय का, तुम्ही हे कधी केलंत ते?"

"माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं," सून हळूच म्हणाली. "उद्याच डॉक्टरांना दाखवू या."

"काळजी करू नका बाबा. आम्ही बघतो सगळं. तुम्ही फक्त आराम..."

मास्तरांनी ताटावर हात आपटला. पाण्याचा पेला कलंडला.

"आराम हा शब्द परत काढू नकोस! डोकं ठिकाणावर आहे माझं. पहिलं निळ्या शर्टाचं, डाव्या बाहीचं. दुसरं पांढऱ्याचं, गळ्याखालचं. तिसरं हिच्या ड्रेसचं, पाठीवरचं. चौथं या पोरीच्या युनिफॉर्मचं. पुढची सांगू? वेडा नाही मी. एकटा आहे. याच्यावर डॉक्टरकडे औषध असेल तर चल, आत्ता चप्पल घालतो."

"एकटे कसे बाबा? आम्ही आहोत ना?"

"कुठे आहात?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी ते रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर माहिती हवी होती.

कलंडलेलं पाणी टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकत होतं आणि ते पुसायला कुणी उठलं नाही.

"त्या दिवशी बटण लावताना चार मिनिटं तू माझ्याजवळ उभा राहिलास," मास्तर मुलाला म्हणाले. "ती चार मिनिटं मी पुन्हा मिळवायला बघत होतो. मागून मिळत नाहीत, म्हणून चोरायला गेलो. उद्या सूनबाई खाली जाऊन त्या बाईंची माफी मागेल आणि ग्रुपवरही लिहील. पाप माझं आहे, मीही सोबत येतो. आणि ती कुंडी मशीनवरून काढा. मी खाली त्यांच्या दुकानाशेजारी बसणार आहे. चेन, बटणं, दुमड, जे येईल ते करीन."

"खाली? जिन्याशेजारी?" मुलाचा चेहरा उतरला. "बाबा, सगळी इमारत बघेल. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की! निदान काहीतरी म्हणतील. तीन वर्षांत मला कुणी काही म्हटलेलं नाही."

नात फिसकन हसली आणि आईनं डोळे वटारल्यावर पाणी पुसायला उठली.

सून मास्तरांसोबत माफी मागायला गेली. मान खाली घालून, पण गेली. ग्रुपवरही लिहिलं. तीन घरांपैकी दोन परत आली, तिसरं आलं नाही. मशीन खाली गेलं. कुंडीचा गोल डाग लाकडावर राहिला, तो मास्तरांनी तेलानं घासला तरी गेला नाही. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई पर्सची चेन घेऊन आली आणि जाताना जावेची सगळी तक्रार सांगून गेली. ती वळणावर गेल्यावर मास्तरांनी तिची नक्कल करायचा प्रयत्न केला. त्यांना ते जमलं नाही, ते काम बायकोचं होतं. पण इस्त्रीवाली बाई हसली.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. मुलगा आठ दिवस मागच्या गेटनं ये-जा करत होता. बाप दिसू नये म्हणून की आपण दिसू नये म्हणून, हे त्याचं त्यालाच ठाऊक. मास्तरांना ते कळत होतं. पुढच्या गेटमधून कुणी आत आलं की त्यांचे पाय मशीनवर थांबायचे, आणि मग पुन्हा चालू व्हायचे.

नवव्या दिवशी संध्याकाळी मुलगा पुढच्या गेटनं आला. मशीनपाशी येऊन थांबला. निळा शर्ट अंगातच होता.

"बाबा, बटण तुटलं."

मास्तरांनी चष्मा वर केला आणि शर्ट जवळ ओढून पाहिला. दोरा कापलेला होता, वरून, वाकडातिकडा, बहुतेक ऑफिसातल्या कागदाच्या कात्रीनं. कापडालाही चांगला चरा गेला होता. असलं गचाळ काम त्यांच्या दुकानात कुणी केलं असतं तर मास्तरांनी त्याला दिवसभर दारात उभं केलं असतं. त्यांनी वर पाहिलं. मुलगा जिन्याकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. इस्त्रीवाली बाई खाली मान घालून एकच रुमाल पुन्हा पुन्हा इस्त्री करत होती.

"वाईट तुटलंय," मास्तर म्हणाले. "वेळ लागेल."

"किती?"

"अर्धा तास तरी."

"चालेल," मुलगा म्हणाला. "शर्ट काढून देऊ?"

"नको. अंगातच राहू दे." मास्तरांनी खिशातून सुई आणि दोरा काढला आणि ओवायला मुलाच्याच हातात दिला. "आणि खांद्याचं काय झालं, ते सांग."