मोंगखोन कोणी उतरवायचा

“एकटा माणूस घरातल्या वस्तू वाटायला लागला ना, की त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं गं,” रेबेका आंटी म्हणाल्या. ख्रू सोमसाक यांनी नुकताच दिलेला राइस कुकर त्यांच्या मांडीवर होता आणि स्वराली कुकरवरून ओढून त्यांचा सीटबेल्ट लावत होती.

“अहो आंटी, डिक्लटर करतायत ते. इथे सगळेच करतात.”

“भात खाणारा माणूस कुकर देतो होय?”

स्वराली हसली आणि तिने गाडीचं दार लावून घेतलं. एरवी ती असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारी नव्हती. नऊ वर्षांच्या ओवीच्या डब्यातली द्राक्षंही ती अजून उभी चिरून देत असे. पण ती काळजी करायची ती लेकीची. म्हातारा मास्तर त्या काळजीत कधी बसलाच नव्हता.

रेबेका आंटी मूळच्या भायखळ्याच्या, बेने इस्रायली. इंग्लंडात पन्नास वर्षं काढूनही त्यांचं मराठी तसंच खणखणीत राहिलं होतं. बेसिंगस्टोकच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी सकाळी चहाची खिडकी त्या सांभाळत. ख्रू सोमसाक यांचा वर्गही तेव्हाच भरे. थाई भाषेत ख्रू म्हणजे गुरूच, हे ऐकून स्वरालीला पहिल्याच दिवशी हायसं वाटलं होतं.

त्या पहिल्या दिवशी ख्रूंनी मुलांचे चार बूट मागून घेतले आणि जमिनीवर आपला देश, थायलंड, मांडला. वरच्या टोकाला थासाव, उजव्या अंगाला कोराट, मधोमध लोपबुरी, आणि खाली लांब निमुळत्या शेपटात चैया. चैयाच्या जागी ओवीचा बूट होता.

“मुय थाय म्हणून तुम्ही टीव्हीवर बघता ते अलीकडचं,” ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. “आधी प्रत्येक मुलखाची वेगळी चाल होती. आमच्याकडे म्हणतात, ठोसा कोराटचा, डोकं लोपबुरीचं, पवित्रा चैयाचा, आणि सगळ्यांहून चपळ थासाव. कोराटवाले हाताला दोर गुंडाळायचे ते पार कोपरापर्यंत. आम्ही चैयावाले मनगटापर्यंतच.”

“आणि जिंकायचं कोण?” एका मुलाने विचारलं.

“ज्याला कमी लागलं तो.”

त्यांच्याकडे शिकवण चारच शब्दांची होती. राखणं, झटकणं, मिटणं, उघडणं. उघडणं सगळ्यात शेवटी. मारायच्या आधी लागू न देणं शिकवणारा वर्ग स्वरालीला मनापासून पटला. बाकीच्या पालकांना मात्र पट्टे हवे होते, सर्टिफिकेटं हवी होती. स्टेशनजवळ झगमगीत किकबॉक्सिंग जिम निघालं आणि अकरा मुलांची चार झाली, चारांची दोन. इस्टरनंतर एकटी ओवीच उरली. एका मुलीसाठीही ते सगळा हॉल झाडून घेत, आणि वर्ग सुरू होण्याआधी कापडी पिशवीतून मोंगखोन काढत. मोंगखोन म्हणजे जाड दोऱ्याची विणलेली चुंबळ, मागे शेपटासारखं टोक असलेली. गुरुवंदनेपुरती ती शिष्याच्या डोक्यावर ठेवायची, आणि वंदना झाली की ख्रू काहीतरी पुटपुटत दोन्ही हातांनी उतरवून घ्यायचे.

मग स्वरालीच्या नवऱ्याची, परीक्षितची, बर्मिंगहॅमला बदली झाली.

“शेवटचा रविवार,” तिने ख्रूंना सांगितलं. सांगताना ती फोनवर व्हॅनवाल्याला उत्तर देत होती.

“हो,” ते म्हणाले. “चांगलं शहर आहे.”

त्या रविवारी ओवीची वंदना झाली तरी त्यांनी मोंगखोन उतरवला नाही. तसेच चालत ते दोघींना गाडीपर्यंत सोडायला आले. रिकामी कापडी पिशवी घडी करून त्यांनी स्वरालीच्या हातात दिली.

“अय्या, तुम्ही हे हिला देताय? थँक यू सो मच!” स्वरालीने फोटो काढला. वेल्सच्या बाजूने ढग आले होते आणि तिला मोटरवे गाठायचा होता. वाटेत ओवी झोपली, तेव्हा सिग्नलला थांबल्यावर स्वरालीने तिच्या डोक्यावरून मोंगखोन हळूच काढला. बर्मिंगहॅमला पोचल्यावर गुरूचा आशीर्वाद म्हणून देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, नमस्कारसुद्धा केला.

तीन आठवडे तो तिथेच होता. आज सकाळी नव्या घरात, खोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ओवी पवित्रा घेऊन उभी राहिली, आणि तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

“आई, हे कोणी काढली माझ्या डोक्यावरून?”

“मी काढला. झोपली होतीस तू.”

“पण तू नाही काढू शकत! फक्त ख्रू काढतो. He told everyone, पहिल्या दिवशी. तू मेल करत होती.”

“बरं, चुकलं माझं. पुढच्या वेळी...”

“आणि तो कोणाला देत नाही. मोंगखोन ख्रूचीच असते.” ओवीने हात खाली घेतले. “ख्रू मरते, तेव्हाच दुसऱ्याच्या घरी जाते.”

स्वरालीने गॅस बंद केला. दुधाचं पातेलं उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

ख्रूंचा फोन बंद होता. ओवीचा फोटो तिने त्यांना पाठवला होता, त्याच्यापुढे तीन आठवडे एकच टिक होती. हॉलचं बुकिंग बघणाऱ्या बाईंनी सांगितलं, ख्रूंनी ऑगस्टअखेरीस किल्ली परत केली, जाताना जमीन पुसून गेले. रेबेका आंटी आता वेम्बलीला लेकीकडे, तमारकडे, राहायला गेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘तुला सांगितलं होतं’ हे त्या म्हणतील म्हणून स्वराली फोन कानाशी धरून थांबली.

“कुकर अजून वापरला नाही मी,” आंटी एवढंच म्हणाल्या. “धीरच होत नाही गं.”

पोलिसांनी नाव आणि आंटींनी सांगितलेला घराचा पत्ता लिहून घेतला, कुणाला तरी पाठवतो म्हणाले. परीक्षित गाडी घेऊन लीड्सला गेला होता, रात्रीशिवाय येणार नव्हता. रुळांच्या कामामुळे आज ट्रेनही नव्हती. देव्हाऱ्यासमोर ओवी मोंगखोनवरचं कुंकू बोटाने पुसत बसली होती. ते निघत नव्हतं, आणखीच पसरत होतं.

स्वरालीने बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळाचा जुना ग्रुप उघडला. गणपतीच्या आरतीचे फोटो, कुणाच्या तरी सोफ्याची जाहिरात. तिने दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मग लिहिलं:

‘नमस्कार. हे वाचणाऱ्या कुणीही, जमेल तर आत्ताच जा. हॉलच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर, हिरवं दार. सोमसाक नावाचे गृहस्थ आहेत, वय बाहत्तर, एकटे राहतात. पोलिसांना कळवलंय, पण अनोळखी आवाजाला ते दार उघडत नाहीत. बेल चालत नाही, हातानेच वाजवा. ओवीने पाठवलंय म्हणा. म्हणा, तिच्या डोक्यावरचं तुम्हीच उतरवायचं राहिलंय. आणि लगेच परत फिरू नका, प्लीज. त्यांना उघडायला वेळ लागतो.’