आखूड दस्त्याची रायफल

मायरनच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात एक कायदा होता, आणि तो कुठेही लिहिलेला नसल्यामुळे सगळे तो इमानाने पाळत. जुनी रायफल ज्याच्या हातात, सौदा त्याचा. त्याने ती परत रॅकवर ठेवेपर्यंत दुसऱ्याने नुसतं बघायचं.

त्या गुरुवारी सकाळी आर्लन टॉस्ट्रूडच्या हातात एक रायफल होती आणि ती खाली ठेवायची त्याची छाती होत नव्हती. दस्ता इतका आखूड, की सहा फुटी आर्लनने ती खांद्याला लावली की नातवाच्या तीनचाकीवर बसल्यासारखा दिसायचा. आखूड असणारच, कारण ती त्याच्या बायकोची होती. मार्लिस बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिच्या हाताच्या मापाने दस्ता करवतीने कापून दिला होता. अकरा वर्षांपूर्वी, गुडघ्यामुळे तिचं शिकारीला जाणं बंद झाल्यावर, ह्या शहाण्याने ती विकून बोटीचं इंजिन घेतलं. घरी सांगितलं, तुझ्या भावाकडे, गॉर्डीच्या तिजोरीत ठेवलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जेवताना मार्लिस म्हणाली, शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय, मी येणार, गॉर्डीकडून माझी रायफल आण. आर्लनच्या घशात बटाटा अडकला.

तेव्हापासून त्याने तीन जिल्ह्यांतली नऊ दुकानं पालथी घातली होती. प्रत्येक ठिकाणी तेच नाटक: आधी गांडुळांची चौकशी, मग थंडीची, आणि निघता निघता, काय हो, जुन्या रायफली आहेत का, सहज विचारतो. गरज दिसली की दुकानदाराचा भाव वाढतो हे त्याला पक्कं ठाऊक. पण मायरनच्या रॅकवर ती दिसली आणि नाटकबिटक विसरून त्याने झडपच घातली.

आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. ओळखीसाठी लागणारं गाडीचं लायसन घरी, दुसऱ्या जाकिटात. लायसनशिवाय मायरन विक्रीचा फॉर्म भरेना. बाजूला तरी ठेव म्हटलं, तर म्हणाला, हंगामाच्या आठवड्यात मी सख्ख्या आईसाठीही काही बाजूला ठेवत नाही.

शिवाय मागे लॅव्हर्न क्यूबियाक उभा. दुधाचा ट्रक चालवून निवृत्त झालेला, सज्जन, लायसन शर्टाच्या खिशात. त्याला बारा वर्षांच्या नातीसाठी नेमकी अशीच रायफल हवी होती. निवांत बघा, म्हणाला, आणि उपड्या बादलीवर कॉफी घेऊन बसला. आर्लन म्हणाला, गोळी भरायचा लिव्हर जरा जड आहे. लॅव्हर्न म्हणाला, मग ठेवा की खाली. आर्लन म्हणाला, आपले हात लहानपणापासून आखूडच आहेत. तेव्हा कॉफीच्या किटलीभोवती बसलेल्या पाचही जणांनी त्याच्या हातांकडे एकदम पाहिलं.

दगडाखाली हात सापडला म्हणतात तो असा. लायसन आणून देणारं माणूस जगात एकच. त्याने एका हाताने फोन केला: मी मायरनकडे आहे, लायसन घेऊन ये, काही विचारू नकोस. मार्लिसने खरंच काही विचारलं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं, आणि आर्लनला घाम फुटला.

ती यायला चाळीस मिनिटं लागली. सकाळच्या तीन कप कॉफीने तोवर आपला हक्क सांगितला. रायफल घेऊन संडासात जायचं नाही, मायरनने बजावलं. जाऊन या, मी धरतो की, लॅव्हर्न म्हणाला, आणि सगळं दुकान खो खो हसलं.

मार्लिस आली. लायसन हातात होतं, पण तिने ते पुढे केलं नाही.

"पाठीमागे काय लपवलंयस?"

त्याने रायफल पुढे आणली. तिने हात पुढे केले आणि त्याने मुकाट्याने दिली. लॅव्हर्न बादलीवरून उठला, पण रायफल आता कुणाच्या हातात आहे ते पाहून परत बसला. मार्लिसने लिव्हर उघडून आत काही नाही ना ते पाहिलं आणि दस्त्याच्या वाकड्या कापावरून अंगठा फिरवला.

"गॉर्डीकडे आहे ना, तिची जुळी बहीण शोभेल," आर्लन म्हणाला. "म्हटलं, जोडी होईल."

"गॉर्डीकडे तिजोरी नाही, आर्लन. तो घराच्या दाराला कुलूप लावत नाही. अकरा वर्षांपूर्वी, त्याच आठवड्यात मी त्याला विचारलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

तिने लॅव्हर्नला विचारलं, नात केवढी आहे. बारा, तो म्हणाला. मार्लिसने रायफल वीतभर त्याच्या दिशेने सरकवली.

"आता सांग. इथे, सगळ्यांसमोर. नाहीतर ही ह्यांच्या नातीची."

आर्लनने सांगितलं. इंजिनाचं सांगितलं, थापेचं सांगितलं, नऊ दुकानांचं सांगितलं. तुझ्या वडिलांच्या हातची आहे हे माहीत असून मी विकली, म्हणाला, आणि मग लाज इतकी वाटली की अकरा वर्षं तुझ्यापुढे तोंड उघडेना. किटलीभोवतीचे पाचही जण आपापल्या कपात बघत राहिले.

मार्लिसने त्याचं लायसन त्याच्या खिशात सरकवलं आणि स्वतःचं काढून मायरनसमोर ठेवलं. आर्लनने चेकबुक काढलं, तर तिने ते मिटवलं.

"माझी मी घेते. तू दिलीस तर मला तुझे आभार मानावे लागतील."

मग ती लॅव्हर्नकडे वळली. "तुम्ही रिकाम्या हाताने जाऊ नका. ह्याची स्वतःची एक आहे घरी. रोज पुसून ठेवतो, मला हात लावू देत नाही. शनिवारी ती तुमच्या नातीला. दस्ता लांब आहे, पण करवत आहे आमच्याकडे."

आर्लनने तोंड उघडलं. मार्लिस त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, नुसती वाट बघत होती, अकरा वर्षं बघितली तशी.

"किती इंच कापू?" त्याने लॅव्हर्नला विचारलं.