दोन भावांचा घोडा

हसायचं असेल तर आधी पोटभर हसून घ्या, मग ऐका. मी घोडा आहे. कापडाचा, वेताचा आणि काथ्याचा असलो तरी घोडाच. आमच्या गावच्या रंगमंचावर आजवर कितीतरी राजे येऊन गेले, पण एक शब्द न बोलता टाळी घेणारा नट एकच झाला. तो मी. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. मी फक्त नाही म्हणत नाही.

माझा जन्म एका गोष्टीपायी झाला. ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला नाटक बसवायचं होतं. बाईंनी, म्हणजे अर्ध्या गावाचे कान पिळून निवृत्त झालेल्या शाळेतल्या बाईंनी, एक फार जुनी अमेरिकन गोष्ट निवडली. एक भित्रा, खादाड मास्तर. सधन घरच्या मुलीवर त्याचा डोळा. आणि एका रात्री मरतुकड्या घोड्यावरून घरी परतताना ओढ्यापाशी त्याच्या पाठीस लागणारा, मुंडकं नसलेला एक घोडेस्वार.

"बाई, परदेशी भूत आपल्याकडे चालेल का?" ग्रंथालयाच्या सचिवांनी विचारलं.

"खादाड मास्तर चालतो ना? मग भूतही चालेल," बाई म्हणाल्या. "घाबरायला काय परदेशी भाषा लागते?"

बाईंनी माणसांची नावं बदलली, ओढा तसाच ठेवला आणि मास्तराच्या तोंडी आपली रोजची भाषा घातली. सगळं जमलं आणि घोडं अडलं ते घोड्यापाशीच. खरा घोडा आणावा, तर रंगमंचाच्या जुन्या फळ्या त्याला पेलणार नव्हत्या. तेव्हा बाईंनी दोन गादीवाल्या भावांना बोलावणं धाडलं.

हे दोघे सख्खे भाऊ. गाद्या, उशा, सोफे यांचं वडिलांचं दुकान दोघे मिळून चालवायचे. वडील गेल्यावर थोरल्याने पाटी नवी रंगवून घेतली आणि तिच्यावर फक्त स्वतःचं नाव घातलं. धाकट्याने विचारलं, "दादा, 'आणि बंधू' कुठं गेलं?" थोरला म्हणाला, "पेंटर विसरला." पेंटर आठवडाभर विसरेल, महिनाभर विसरेल. वर्ष उलटलं तसं धाकट्याने दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत ठोकली आणि पलीकडच्या अर्ध्या भागात स्वतःचं मशीन मांडलं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. भिंतीपलीकडे कुणी शिंकलं तरी अलीकडचा 'बरं वाटतंय ना' म्हणायचा नाही.

बाईंनी दोघांना एकच काम दिलं, आणि बाईंपुढे हे दोघे अजून चौथीतच होते. नाही कोण म्हणणार? थोरल्याने माझा पुढचा भाग आपल्या दुकानात केला, धाकट्याने मागचा आपल्या दुकानात. एकमेकांना माप विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. म्हणून मी पुढून तांबूस झालो आणि मागून चॉकलेटी, आणि माझा मागचा भाग वीतभर उंच. जोडायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याच्या कापडाला सुई लावायला एकही तयार होईना. शेवटी बाईंनीच मध्ये हुकांची रांग लावली आणि म्हणाल्या, "असू दे. गोष्टीतला घोडाही काही देखणा नव्हता."

मी दुर्लक्ष केलं. माझी मान तुम्ही पाहायला हवी होती. डोळ्यांना जुन्या कोटाची बटणं होती, पण नजर अशी, की पहिल्याच दिवशी ग्रंथालयातलं मांजर मला पाहून पळालं.

मग माझ्या पोटात शिरायचं कुणी? "ज्यांनी बनवला त्यांनी," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला. थोरला आपसूक पुढे गेला. माझ्या गळ्याला एक भोक होतं, त्यातून त्याला बाहेरचं दिसे. धाकटा मागे वाकून, भावाची कंबर धरून चालायचा. त्याला दिसायचा फक्त अंधार. पाठीवरच्या वेताच्या खोगिरावर मास्तरचं काम करणारा, गावच्या दवाखान्यातला कंपाउंडर बसे. तो चिपाडासारखा हलका, म्हणून निभावलं.

तालमीत त्या बिचाऱ्याला दोन दोन कामं पडली.

"पुढच्याला सांगा, वळायच्या आधी कळवत जा म्हणावं," माझ्या मागच्या भागातून आवाज यायचा.

कंपाउंडर वाकून माझ्या मानेत निरोप द्यायचा.

"मागच्याला सांगा, मागच्याने फक्त मागे यायचं असतं."

"ते म्हणतात..."

"ऐकलं! बहिरा नाहीये मी!"

अशी एकाच घोड्यात दोन घरं. मला लाज वाटायची. माझे पुढचे पाय ओढ्याकडे निघत आणि मागचे घराकडे. धाकट्याने मात्र एक केलं. चपला काढून तो अनवाणी चालू लागला आणि डोळ्यांचं काम पायांवर सोपवलं. सतरंजी कुठे संपते, खिळा कुठे वर आलाय, सगळं त्याच्या तळव्यांना पाठ झालं. काठाची फळी करकरते आणि तिच्यापुढे एकदम खाली प्रेक्षक, हेही. थोरल्याला याचा पत्ता नव्हता. ज्याला दिसतं तो फळ्यांकडे कशाला लक्ष देईल?

प्रयोगाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. पहिल्याच प्रवेशाला मला टाळी पडली. मला वाटतं ती मानेला होती. मागच्या भागाला हशा पडला, पण हशाही कौतुकाचाच असतो.

शेवटचा प्रवेश आला. निळा उजेड, ओढा, आणि मागून तो मुंडकं नसलेला स्वार. त्याची स्वारी म्हणजे काळी चादर पांघरलेली सायकल. तिलाही लोक घोडा म्हणत होते. मी त्यावर बोलणार नाही.

स्वार वळसा घालून आम्हाला आडवा आला आणि त्याने काखेतलं मुंडकं भिरकावलं. ते आमच्या डोक्यावरून जायचं ठरलेलं. धाकट्यानेच कापूस ठासून भरलेलं ते जड मुंडकं नेमकं माझ्या थोबाडावर बसलं. माझी मान फिरली, गळ्याचं भोक खांद्याकडे गेलं आणि आत काळोख झाला.

थोरला थांबला नाही. थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पाठीवर कंपाउंडर भूमिकेत शिरून डोळे गच्च मिटून बसलेला. खाली पहिल्या रांगेत म्हातारी माणसं.

फळी करकरली.

धाकट्याने भावाची कंबर अशी आवळली की माझे दोन हूक तुटले. "दादा, थांब!"

पुढचे पाय जागच्या जागी थिजले. थोरला दोन्ही हातांनी गळ्याचं भोक चाचपत होता. हे धाकट्याच्या हातांना कळलं आणि मला पोटात कळलं.

"दादा, दिसत नाहीये का तुला?"

थोरल्याला हे 'नाही' म्हणायला किती जड गेलं असेल, ते मीच जाणतो. "नाही रे," तो म्हणाला. "काहीच दिसत नाहीये."

"हलू नकोस. मी मागे मागे जातो, तू माझ्याबरोबर ये. मला वाट माहीत आहे."

"तुला तर कधीच दिसत नव्हतं."

"म्हणून तर माहीत आहे. चल."

आणि मी मागे निघालो. शेपटी पुढे, मान मागे, तोंड त्या भुताकडे वळलेलं. सतरंजीची कड गेली, वर आलेला खिळा चुकला. थोरला आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याच्या मागून चालत होता, आणि माझे चार पाय पहिल्यांदा एका तालात पडत होते. भुताला पाहून थिजलेला आणि पाऊल पाऊल मागे सरणारा घोडा पाहून सभागृहाचा श्वास अडकला. मी पडद्याआड गेलो आणि टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"बाई, हे मूळ गोष्टीत नाही!" सचिव पडद्याआड कुजबुजले.

"आपल्या गोष्टीत आहे," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

मग सचिव नटांची नावं वाचायला उभे राहिले. हातातला कागद आधीच लिहिलेला. शेवटी त्यांनी वाचलं, "आणि घोडा..." पुढे थोरल्याचं नाव. एकट्याचं.

थोरला माझी मान काखेत घेऊन उभा होता. तो पुढे आला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा ओरडला, "आणि बंधू!"

तो मागे वळला, त्याने माझ्या मागच्या भागातून भावाला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि स्वतःच्या पुढे उभं केलं. धाकट्याच्या केसांत काथ्या, चेहरा घामाने निथळलेला. इतके दिवस मागे वाकलेला तो माणूस गावाने तेव्हा नीट पाहिला. तो रडत होता, पण लोकांना वाटलं घाम आहे.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून माझे हूक काढले आणि पोटावर पक्की शिवण घातली. एक टाका थोरल्याचा, एक धाकट्याचा. पण अखंड झाल्यावर मी इतका लांब भरलो की कुठल्याच अर्ध्या दुकानात मावेना. दोघं मला उभा धरून बघत राहिले, आडवा धरून बघत राहिले. शेवटी थोरला म्हणाला, "घोड्याला काय कापायचं? भिंतच काढू." धाकटा हातोडी आणायला आत गेला.

आता मी त्या दुकानात मधोमध उभा असतो. एक कान लोंबतोय, शेपटीतला काथ्या गिऱ्हाइकांची पोरं ओढून नेतात. नाटकाचे पुढे बरेच प्रयोग झाले आणि दर वेळी मी मागे मागेच चालत गेलो. बाईंनी ते आता संहितेत लिहून टाकलंय. दारावरच्या पाटीवर पेंटरला जे आठवलं, ते येता-जाता तुम्हीच वाचा.

माझं मागणं एकच. तुमच्या गावात कधी घोडा लागला तर जरूर मला न्यायला या. मी येईन, मान उंच करून येईन. फक्त एकटे येऊ नका. मला उचलायला दोघं लागतात.